चिठ्ठीचं औषध की बिनचिठ्ठीचं? ऑर्लिस्टॅट, आठवड्याचं इंजेक्शन आणि गार्सिनिया: वजनासाठी नेमका फरक काय?

लोकमान्यनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. वहिनींसाठी विचारतोय. वय ४६, उंची १५६ सेंमी, वजन ८२ किलो, म्हणजे बीएमआय ३३.७. थायरॉइड कमी आहे, सकाळी अनशापोटी थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम चालू. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.१. बीपी ठीक, पित्ताशयाची किंवा स्वादुपिंडाची तक्रार नाही, पाळी चालू आहे.

पर्याय तीन आहेत. पहिला ऑर्लिस्टॅट ६०. मेडिकलवाल्याच्या मते "हलकं आहे, चिठ्ठी लागत नाही". दुसरा टिर्झेपेटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन, जे मेडिसिनच्या डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करायला सुचवलंय. तिसरा गार्सिनिया आणि ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल, पाकिटावर "शंभर टक्के हर्बल".

विचारायचं असं की किलोंच्या हिशेबात फरक किती पडतो? थायरॉक्सिनशी कोणाचं जमतं, कोणाचं नाही? सकाळी सेव घातलेले पोहे आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी हे इंदूरच्या घरात चुकत नाही, त्याचं ऑर्लिस्टॅटबरोबर काय होतं? आणि मे महिन्यात दवा बाजारातून इंजेक्शन घरी आणायचं तर काय सांभाळायचं? मोघम सल्ला नको, आकडे आणि कारणं हवी आहेत.

---

औषधपेटी

दादा, ऑर्लिस्टॅटचं मी सांगतो, इंजेक्शनचं डॉक्टरांनी सांगावं.

आधी ते "हलकं" बाजूला ठेवा. ६० आणि १२० ही दोन वेगळी औषधं नाहीत, एकाच औषधाच्या दोन मात्रा आहेत. अमेरिकेत २००७ मध्ये ६० ची कॅप्सूल चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, १२० चिठ्ठीवरच राहिली. "ओटीसी" ही तिची ओळख तिकडून आलेली आहे. आपल्याकडे दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही म्हणून औषध बिनचिठ्ठीचं होत नाही. पाकीट उलटं करून वाचा. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं अशी सूचना छापलेली असेल तर ते चिठ्ठीचंच औषध, काउंटरवर कोणी काहीही म्हणो.

काम कसं करतं, तर जेवणातली चरबी आतड्यात लायपेज नावाच्या एन्झाइमने फुटते, मगच ती रक्तात शोषली जाते. ऑर्लिस्टॅट या लायपेजला अडवतं. न फुटलेली चरबी तशीच शौचावाटे बाहेर पडते. १२० मिलिग्रॅमने जेवणातली साधारण ३० टक्के चरबी अशी निघून जाते, ६० ने साधारण २५ टक्के. मात्रा दुप्पट केली तरी परिणाम दुप्पट होत नाही, हे यावरून लक्षात येईल. भुकेवर याचा काहीही परिणाम नाही. साखर, मैदा, भात यांच्या कॅलरी जशाच्या तशा अंगी लागतात. जिलबीच्या पाकाला ही कॅप्सूल हातही लावत नाही.

घ्यायची जेवता जेवता, किंवा जेवण झाल्यावर तासाभराच्या आत, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. जेवण चुकलं किंवा जेवणात चरबी नव्हती (नुसतं ताक-भाकरी, फळं) तर तेवढी कॅप्सूल सोडायची. नंतर दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आता पोहे. १५०० कॅलरींच्या आहारात ३० टक्के कॅलरी चरबीच्या धरल्या तर दिवसाला ५० ग्रॅम चरबी होते, म्हणजे तीन जेवणांत मिळून प्रत्येकी १६-१७ ग्रॅम. हीच मर्यादा धरून चाला. घरच्या पोह्यांच्या एका प्लेटला चहाचे दोन चमचे तेल पडलं तर १० ग्रॅम झाले. वरून मूठभर सेव, समजा २५ ग्रॅम, त्यात आणखी ९-१० ग्रॅम. प्लेट २० वर गेली, आणि अजून चहाची साय धरलेलीच नाही. सेव काढून टाकली, लिंबू-कोथिंबीर-कांदा वाढवला की तीच प्लेट मर्यादेत बसते. खिचडीचं अवघड आहे. ३० ग्रॅम दाण्याच्या कुटात १४-१५ ग्रॅम चरबी, वर मोठा चमचाभर तूप म्हणजे आणखी १३-१४. एकूण २८ च्या आसपास. त्या दिवशी कॅप्सूल घेतली तर दुसऱ्या दिवसापर्यंत पोटाला घाईची कळ, वाऱ्याबरोबर तेल आणि कपड्यांवर नारिंगी तेलकट डाग. लोक याला "औषध सोसत नाही" म्हणतात आणि आठवड्यात बंद करतात. वास्तविक कॅप्सूल तिचं ठरलेलं काम करत असते, ताटात चरबी जास्त पडलेली असते.

थायरॉक्सिनचं मात्र फार सांभाळा. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही आणि टीएसएच (थायरॉइडच्या रक्तचाचणीतला आकडा, थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारा) चढतो. सहाला थायरॉक्सिन आणि साडेआठला नाश्ता असेल तर नाश्त्याबरोबर कॅप्सूल बसत नाही. तेव्हा नाश्ता कमी तेलाचा, बिनकॅप्सूलचा ठेवा, आणि कॅप्सूल फक्त दोन जेवणांना. थायरॉक्सिन रात्री झोपताना हलवायची कल्पना कोणी देईल, पण रात्रीचं जेवण साडेआठला असलं तर चार तास मोजून साडेबारा वाजतात. ती सोय नव्हे, गैरसोय.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी असल्याने चरबीबरोबर तीही बाहेर जातात. म्हणून एक मल्टिव्हिटॅमिन झोपताना, शेवटच्या कॅप्सूलनंतर किमान दोन तासांनी. याच कारणाने वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, हलू शकतो. अपस्माराच्या गोळ्या किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदरपणात, पित्त अडलेलं असताना आणि शोषणाचा जुना आजार असताना हे औषध चालत नाही. मूतखडा होऊन गेला असेल तर तेही सांगा. आतड्यात उरलेली चरबी कॅल्शियम धरून बसते, मग ज्याला कॅल्शियमने बांधायचं ते ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि मूत्रपिंडात साचतं. यकृताला गंभीर इजा झाल्याची मोजकी प्रकरणं नोंदलेली आहेत, अमेरिकी औषध प्रशासनाने २०१० मध्ये तशी सूचना लेबलवर घालायला लावली. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज यांपैकी काही दिसलं की त्याच दिवशी बंद.

किलोंचा हिशेब: स्वीडनमध्ये चार वर्षं चाललेल्या झेंडॉस अभ्यासात आहार-व्यायामाबरोबर १२० दिवसातून तीनदा घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५.८ किलोने कमी राहिलं, नुसत्या आहार-व्यायामवाल्यांचं ३.० किलोने. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा २.८ किलो, तोही पूर्ण मात्रेवर. बारा आठवड्यांत वजन ५ टक्के उतरलं नाही तर पुढे घेण्यात अर्थ नाही. वहिनींसाठी ती रेघ ४.१ किलोची.

---

लोकमान्यनगर_इंदूर

पेटीदादा, सेवेचा हिशेब एवढा स्पष्ट कोणी सांगितला नव्हता. म्हणजे सुरुवात ६० ने करून बघायची आणि नाही जमलं तर इंजेक्शन, असा क्रम लावावा का? बरेच जण हाच सल्ला देतात.

---

मेडिसिन_ओपीडी

हा क्रम मला मान्य नाही. कारण सांगतो.

औषध निवडताना चिठ्ठी लागते की नाही हा प्रश्न शेवटी यावा. आधी बघायचं की शरीरात काय बिघडलंय आणि त्याला किती उतार हवा आहे. भारतीयांसाठी बीएमआय २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. औषधाचा विचार भारतीय तज्ज्ञांच्या एकमताने २७ च्या वर, किंवा बरोबर मधुमेह-बीपीसारखा आजार असेल तर २५ च्या वर करायचा. तुमच्या वहिनी ३३.७ वर आहेत आणि एचबीए१सी ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथे तीन-चार किलो उतरणं वाईट नाही, पण पुरेसं नाही.

आकडे असे. सेमाग्लुटाइड (टिर्झेपेटाइडसारखंच आठवड्याचं दुसरं इंजेक्शन) २.४ मिलिग्रॅम आठवड्याला: ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घट, नुसत्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांत २.४ टक्के (२०२१ चा अभ्यास). टिर्झेपेटाइड: ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमवर १५ टक्के, १० वर १९.५, १५ वर २०.९, आणि तुलनेच्या गटात ३.१ (२०२२). ८२ किलोंवर १५ टक्के म्हणजे १२.३ किलो. हे सरासरीचे आकडे आहेत. कोणी २५ टक्क्यांपर्यंत जातं, कोणाचं पाचच टक्के उतरतं. आणि टिर्झेपेटाइडच्याच अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे जे रुग्ण होते त्यांना १७६ आठवडे औषध दिलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ९४ टक्क्यांनी कमी निघालं. वहिनींच्या बाबतीत माझा कल इंजेक्शनकडे आहे तो मुख्यतः या आकड्यामुळे.

ही औषधं आतड्यातून निघणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करतात. सेमाग्लुटाइड जीएलपी-१ ची, टिर्झेपेटाइड जीएलपी-१ आणि जीआयपी दोन्हींची. जठर हळू रिकामं होतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर पोचतो. पहिल्या महिन्यांत मळमळ होते ती यामुळेच, आणि डोस पायरीपायरीने वाढवायचा तोही यामुळेच. टिर्झेपेटाइडचे पहिले चार आठवडे २.५. ही सवय लावण्याची मात्रा आहे, उपचाराची नव्हे, त्यामुळे पहिल्या महिन्यात काटा फारसा हलला नाही तर औषध फसलं असं समजू नका. मग ५. पुढची प्रत्येक पायरी अडीचची, आणि किमान चार आठवड्यांनी. कमाल १५. ज्या पायरीवर भूक आटोक्यात आहे आणि वजन उतरतंय तिथेच थांबा, वर चढलंच पाहिजे असं काही नाही.

सुरू करण्याआधी: स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल तर ही औषधं बंदच. वहिनींचं कमी थायरॉइड वेगळं, त्याने अडत नाही, पण घरातल्यांचा इतिहास नीट विचारा, नुसतं "थायरॉइड होता" यावर थांबू नका. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर टाळतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), यकृताच्या चाचण्या, टीएसएच करून ठेवा. पाळी चालू आहे म्हणून गर्भ राहण्याची शक्यताही विचारात घ्या. टिर्झेपेटाइड सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर विसंबू नये, कारण जठर मंदावल्याने गोळी कमी शोषली जाते. त्या काळात निरोध वापरावा.

थायरॉक्सिनशी इंजेक्शनचं भांडण नाही, चार तासांची अट नाही. मात्र वजन उतरेल तशी थायरॉक्सिनची गरजही उतरू शकते. सुरुवातीला आणि मग सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं हे दिसलं तर इंजेक्शनला दोष देण्याआधी टीएसएच करा. कोणी सेमाग्लुटाइडची रोजची गोळी सुचवली तर तिथे मात्र थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतं, आणि दोन्ही अनशापोटीच घ्यायच्या असल्याने सकाळची वेळ सांभाळणं कठीण जातं.

कधी धावायचं: पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीत जाणारं, न थांबणारं दुखणं आणि उलट्या (स्वादुपिंड), उजव्या बरगडीखाली दुखून ताप (पित्ताशय). दोन्हींत पुढचं इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी दवाखाना. आणि मे महिन्यात उलट्या-जुलाब झाले तर पाणी इतकं कमी होतं की मूत्रपिंडाला त्रास होतो, लघवी कमी झाली की घरी बसून वाट बघू नका. भूल द्यायचं कोणतंही ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगायचंच. जठर भरलेलं राहिलं असेल तर भुलेत अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मेटफॉर्मिनचा प्रश्न पुढे येईलच म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात त्याने सरासरी २.१ किलो उतरले. एचबीए१सी ६.१ साठी त्याला जागा आहे, वजनाचं औषध म्हणून नाही. आणि वजन उतरावं म्हणून थायरॉक्सिनचा डोस आपल्या मनाने वाढवणं हा हृदयाशी खेळ आहे, तो कोणी करू नये.

---

ताटवाटी

ओपीडी सरांच्या उत्तरात ताटाचं राहिलं, ते जोडते. इंजेक्शनवर भूक मरते आणि घरात बाई "मला नको, तुम्ही जेवा" म्हणून दोन घास खाऊन उठते. वजन उतरतं, पण त्यात स्नायूही जातात. ८२ किलोंच्या बाईने दिवसाला किमान ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं धरावीत. शाकाहारी ताटात ती आपोआप येत नाहीत: वाटीभर शिजलेली घट्ट डाळ ७-८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरडे सोयाचे तुकडे २५-२६, पेलाभर दूध ७-८. म्हणून जेवायला बसल्यावर आधी डाळ-पनीर, मग भाजी, पोळी शेवटी. पोट लवकर भरतं, तेव्हा क्रम महत्त्वाचा. जोडीला आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचे व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं इथून सुरू केलं तरी चालेल.

मळमळीसाठी: जेवण अर्धं करून वेळा वाढवा, जेवणावर पाणी ओतू नका, मधल्या वेळी घोट घोट घ्या. इंजेक्शनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळलेलं अजिबात नको. रात्री सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) तळलेला गराडू आणि भुट्ट्याचा कीस खायचा बेत असेल तर तो त्या दोन दिवसांत ठेवू नये, मंद झालेल्या जठरात तेल तासन्‌तास बसून राहतं. बद्धकोष्ठ झालं तर इसबगोल एक ते दोन चहाचे चमचे, भरपूर पेलाभर पाण्यात, लगेच प्यायचं. घट्ट होईपर्यंत ठेवून खाल्लं तर घशात अडकतं. थायरॉक्सिनपासून तेही चार तास लांब.

आता तिसरा पर्याय, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गार्सिनिया ऐकलं की आपल्या घरात "अगं, कोकमच ना!" म्हणतात. कुळ एकच आहे, झाड वेगळं. आपलं आमसूल गार्सिनिया इंडिका, कॅप्सूलमध्ये मलबारी चिंचेचा, म्हणजे गार्सिनिया गम्मी-गट्टाचा अर्क असतो. त्यातलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल एकवटून काढलेलं असतं. आमटीतली दोन आमसुलं आणि रोजच्या कॅप्सूल यांची तुलना करूच नका. या अर्काने यकृताला सूज आल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदीत आहेत, आणि वजनातली घट नगण्य. ग्रीन टीच्या अर्काचंही तसंच: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं की पूरक औषधांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधला मुख्य घटक) घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढतात. कपातला उकळीचा ग्रीन टी पिणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, प्रश्न कॅप्सूलचा आहे. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये म्हणजे यकृतावर दोन ओझी.

पाकीट वाचायला शिका. चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल तर कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे. बाजारात येण्याआधी त्याने वजन उतरतं हे रुग्णांवर सिद्ध करावं लागलेलं नाही. आयुर्वेदिक उत्पादनावर आयुष विभागाचा परवाना क्रमांक असतो. दोन्ही नसतील तर पाकीट परत करा. आणि "पंधरा दिवसांत दहा किलो, लठ्ठपणा मुळापासून" अशी जाहिरात दिसली की लक्षात घ्या, १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा आहे, असा दावा करणंच बेकायदा आहे.

---

औषधपेटी

ताई, यात भेसळीचं जोडतो, कारण "हर्बल" पाकिटांचा खरा धोका तिथे आहे. सिब्युट्रामाइन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. पण हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते जगभर पुन्हा पुन्हा सापडलंय. झाडपाल्याने भूक दोन दिवसांत नाहीशी होत नाही. कॅप्सूल सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंडाला कोरड, धडधड, झोप गायब आणि बीपी वर, असं झालं तर आत काहीतरी मिसळलंय असं धरून चाला, पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. तीन दिवसांत दोन किलो उतरले आणि सारखी लघवी किंवा जुलाब होत असतील तर मूत्रल किंवा रेचक आहे. उतरलं ते पाणी, चरबी नव्हे. पोटॅशियम पडलं की पिंडऱ्यांत गोळे येतात आणि हृदयाची लय बिघडते.

दादा, तुमच्या मे महिन्याच्या प्रश्नाकडे येतो. टिर्झेपेटाइड २ ते ८ अंशांत ठेवायचं. ३० अंशांपर्यंत बाहेर २१ दिवस चालतं असं पत्रकात आहे, आणि लोक त्याचा अर्थ "खोलीत चालतं" असा काढतात. इंदूरला मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी कूलर चालू असलेली खोलीसुद्धा ३० च्या वर असते. म्हणजे उन्हाळ्यात ती सवलत आपल्याला नाही असंच समजा. दवा बाजारात किंवा घराजवळ, कुठेही घ्या, दुकानदाराने व्हायल (इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली) तुमच्यासमोर फ्रिजमधून काढली पाहिजे, काउंटरच्या खणातून नव्हे. थर्मासच्या डब्यात जेल पॅक, त्यावर रुमालाची घडी, त्यावर औषधाचं खोकं. जेल पॅक थेट टेकवू नका, गोठलं तर औषध बाद, वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखंच असलं तरी. स्कूटरच्या डिकीत तर ठेवूच नका. खरेदी सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या थंड पत्र्यापासून दूर, दारात नाही. पक्कं बिल घ्या आणि बिलावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. नकली मालापासून एवढं तरी संरक्षण आपल्या हातात आहे.

व्हायल घेतली तर सिरिंजची चूक फार होते. एका व्हायलमध्ये एका आठवड्याचा डोस, ०.५ मिलिलिटर. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात: लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००. यू-१०० वर ०.५ मिलिलिटर म्हणजे ५० ची रेघ, यू-४० वर तेच २० ची रेघ. कोणीतरी फोनवर "वीस भर" सांगतं आणि हातात नारिंगी टोपणाची असते, मग ०.२ मिलिलिटर जातं, म्हणजे २.५ ऐवजी १ मिलिग्रॅम. एकदाच ठरवा, यू-१००, रेघ ५०, आणि कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावा. द्रव स्वच्छ, बिनरंगी किंवा किंचित पिवळसर असावा, गढूळ किंवा कण दिसले तर वापरू नका. सिरिंजमध्ये आधी ०.५ हवा ओढून ती व्हायलमध्ये सोडा, व्हायल उलटी करून औषध ओढा, बोटाने टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि बाहेर ढकला. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीच्या पुढच्या भागावर, दर आठवड्याला जागा बदलून. व्हायलमध्ये थेंबभर उरतं, ते पुढच्या आठवड्यासाठी साठवू नका, त्यात जंतू रोखणारं काही नसतं. सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. इंदूरच्या कचरागाडीवर हाताने कचरा वेगळा करणारी माणसं असतात.

वार चुकला तर चार दिवसांच्या आत घेता येतो, त्यापुढे गेला तर सोडा आणि ठरल्या वारी पुढचा घ्या. दोन इंजेक्शनांत तीन दिवसांपेक्षा कमी अंतर कधीच नको.

---

लोकमान्यनगर_इंदूर

ओपीडी सर, एकच राहिलं. मार्च २०२५ मध्ये इंजेक्शन भारतात आलं तेव्हा २.५ ची व्हायल ३५०० आणि ५ ची ४३७५ रुपये होती. म्हणजे ५ वर महिन्याचे १७,५००. सहा महिने घेऊन दहा किलो उतरवले आणि थांबवलं तर?

---

मेडिसिन_ओपीडी

तर बहुतेक वजन परत येतं. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांना पुढे वर्षभर पाहिलं तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं होतं, आणि बीपी-साखरेत झालेली सुधारणाही मागे फिरली. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वर जातं, तसंच हे. म्हणून सुरू करण्याआधी घरात बसून दोन वर्षांच्या खर्चाचा हिशेब करा, सहा महिन्यांचा नको. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट गेलं की इतर कंपन्यांना ते बनवता येतं, त्यामुळे दोन्ही औषधांचे त्या दिवशीचे भाव विचारूनच ठरवा. उतार थोडा कमी असला तरी जे न तोडता चालवता येईल ते वहिनींसाठी जास्त उपयोगाचं. अर्ध्या वाटेवर पैसे संपले म्हणून डोस दोन आठवड्यांवर नेणं किंवा कोणाच्या उरलेल्या इंजेक्शन-पेनमधून घेणं, हे दोन्ही करू नका. तीन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारा, बहुधा खालच्या पायरीवरून पुन्हा चढावं लागतं, नाहीतर उलट्यांनी हैराण व्हाल.

सहन होईल तेवढ्या वरच्या मात्रेवर सहा महिने झाले आणि वजन ५ टक्केही उतरलं नाही, तर खर्च थांबवून पुन्हा विचार करायचा. तुमच्या बाबतीत ७७.९ किलो. पहिल्या इंजेक्शनच्या सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, थायरॉक्सिनच्या वेळेला, त्याच काट्यावर वजन आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून वहीत लिहून ठेवा.

---

लोकमान्यनगर_इंदूर

उद्या टीएसएच, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या देतो. वहिनींच्या माहेरी थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या एक आत्या आहेत. त्यांचा बायोप्सीचा कागद मागवलाय, तो बघूनच पहिली व्हायल आणू.

---

मेडिसिन_ओपीडी

कागदावर "पॅपिलरी" (थायरॉइड कर्करोगाचा वेगळा प्रकार) लिहिलेलं असेल तर अडत नाही. "मेड्युलरी" असेल तर इंजेक्शनचा विषय तिथेच बंद, आणि मग पेटीदादांच्या चार तासांच्या हिशेबाने ऑर्लिस्टॅट १२० बद्दल बोलू.